गेटवरचा वॉचमन आणि गोदामाचा फोन

बोईसरच्या एमआयडीसीत, तारापूरच्या अंगाला, रंगांची रसायनं बनवणारा एक कारखाना होता. त्याचं जुनं गोदाम पालघरला. दोन्हीकडचे फोन इंटरनेटवरून जोडलेले. कारखान्यात नवा इंजिनीअर आला आणि त्याने तिथली फोनची यंत्रणा बदलली. मुलगा हुशार, कामाचा. यंत्रणेतल्या चांगल्या सोयी प्रत्येक कॉलला मिळायलाच हव्यात असं त्याला मनापासून वाटे. त्याने सगळ्या सोयींची नावं 'रिक्वायर' या ओळीत भरली.

हे फोन एकमेकांशी 'सिप' नावाच्या नियमांनी बोलतात. त्यांचं आज चालतं ते मूळ मानक जून 2002 मधलं. कॉल लावणारा फोन आपल्या जास्तीच्या सोयी समोरच्याला दोन तऱ्हेने कळवतो. 'सपोर्टेड' म्हणजे हे मला येतं, तुलाही येत असेल तर वापरू. 'रिक्वायर' म्हणजे हे तुला यायलाच हवं, येत नसेल तर कॉल नाकार.

मुलाच्या यादीत 'टायमर' होता. लाइट जाऊन एक टोक बंद पडलं तरी दुसरं टोक कॉल चालूच आहे असं धरून बसतं. तसं होऊ नये म्हणून ही सोय ठरावीक वेळाने समोरच्याला हाक देते. 'हंड्रेड-रेल' होता, म्हणजे घंटी वाजत असल्याचा निरोप मिळाल्याची पोच. दोन्ही उपयोगाच्या. गोदामातल्या जुन्या फोनला मात्र यांतलं काहीच येत नव्हतं.

गोदामाची घंटी वाजेनाशी झाली. मागणी कळेना, पिंपं वेळेवर निघेनात. शेवटी गोदाम सांभाळणारे काका पालघरहून लोकल धरून बोईसरला आले. गेटवर वॉचमनने थांबवलं.

"काका, हेल्मेट आहे, पण सेफ्टी बूट नाहीत. ऑफिसात असेच जा. प्लांटमध्ये जायचं असेल तर स्टोअरमधून बूट घ्या."

काका ऑफिसात गेले. मुलगा म्हणाला, "काका, तुमचा फोन बदलायला हवा. त्याला नवीन काही येत नाही."

"बोलणं येतं ना त्याला?" काका म्हणाले. "अरे, तुझ्या वॉचमनने मला बुटांवाचून ऑफिसात सोडलं, ॲसिडपाशी सोडलं नसतं. कुठे काय लागतं ते त्याला ठाऊक आहे. आणि काय कमी आहे तेही त्याने तोंडाने सांगितलं. आमचा फोन निदान तेवढं तरी सांगतो का, बघ."

मुलाने नोंदी उघडल्या. फोन सांगत होता. प्रत्येक कॉलला त्याने 420 क्रमांकाचं उत्तर पाठवलं होतं आणि 'अनसपोर्टेड' या ओळीत दोन्ही नावं लिहिली होती. हे दोन सोडून पुन्हा लाव, मी घेतो, असा त्याचा अर्थ. मानकही तेच सांगतं की ती नावं गाळून विनंती पुन्हा पाठवावी. पुन्हा लावायची ती वाट मुलानेच सेटिंगमध्ये बंद केली होती, आणि नकार कुणी वाचलेच नव्हते.

ज्यावाचून काम खरोखर अडतं तेवढंच सक्तीचं करावं आणि बाकीचं देऊ करावं, एवढंच या गोष्टीचं सांगणं आहे. सक्ती वाईट नव्हे. सुरक्षेची पद्धत दोन्ही बाजूंनी आधी ठरवून घेण्याची एक सोय सिपमध्ये आहे. तिचं नाव 'रिक्वायर'मध्ये घालावंच लागतं. ती ऐच्छिक ठेवली तर मध्ये बसलेला लबाड दोघांच्याही गळ्यात कच्ची पद्धत मारू शकतो. तिथे कॉल न लागलेलाच बरा. प्लांटच्या दारात बूट लागतात ते याच कारणाने.

मुलाने टायमर आणि हंड्रेड-रेल 'सपोर्टेड'मध्ये हलवले. कारखान्यातले नवे फोन आपापसांत दोन्ही सोयी पूर्वीसारख्याच वापरत राहिले, कारण त्या दोघांनाही येत होत्या. गोदामाचा कॉल त्यांच्यावाचून लागला. दुसऱ्या गावचे आणखी जुने फोन जोडले जाणार होते, म्हणून नकारातली नावं गाळून पुन्हा लावायची वाटही त्याने त्याच दुपारी उघडली.