मानभावी : एका शब्दाचा अन्याय

‘करणी कसाबाची, बोलणी मानभावाची’ ही म्हण मी लहानपणी घरात ऐकली, तेव्हा मानभाव म्हणजे कोण हे कुणी सांगितलं नाही. वर गोड बोलायचं आणि आत सुरी ठेवायची, असा माणूस, एवढंच कळलं. पुढे शाळेत ‘ढोंगी’चे समानार्थी शब्द पाठ करताना दांभिकच्या शेजारी ‘मानभावी’ आलाच. मीही तो बोलण्यात आणि लिहिण्यात कितीदा तरी वापरला आहे. म्हणून या शब्दाबद्दल लिहिणं मला माझं देणं वाटतं.

खोटेपणाला नावं ठेवण्यात मराठी कधी कमी पडलेली नाही, आणि ही नावं एकमेकांच्या जागी चालत नाहीत. दंभ हा संस्कृतातून आलेला भारदस्त शब्द. गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीची यादी दंभापासून सुरू होते, तर तेराव्यात ज्ञानाच्या लक्षणांत अमानित्वानंतर लगेच अदंभित्व येतं. दंभाला प्रेक्षक लागतो. केलेला धर्म चारचौघांना दिसावा, ही त्याची भूक. भोंदूला मात्र दिसण्यापेक्षा मिळण्यात रस. त्याचा डोळा समोरच्याच्या गाठोड्यावर. ‘बेगडी’ मखराला चिकटवायच्या चकचकीत बेगडातून आला. आणि ‘तोंडदेखलं’ हा शब्द मला फार नेमका वाटतो. तोंडावर असेपर्यंत प्रेम, पाठ वळली की संपलं. त्यात दुष्टावा नसेलही, पण जिव्हाळा नाही एवढं पक्कं.

सोंग आणि ढोंग हे शब्द आपण जोडीनं वापरतो, पण त्यांच्यात जमीनअस्मानाचा फरक आहे. सिंधुदुर्गातल्या, गोव्यातल्या दशावतारात किंवा नाशिककडच्या आदिवासी गावांतल्या बोहाड्यात सोंग नाचतं, तेव्हा मुखवट्यामागे आपल्याच गावचा माणूस आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. सोंग पाहणाऱ्याच्या संमतीनं चालतं. ढोंगाला ती संमती नको असते, उलट मुखवटा हाच चेहरा आहे असं समोरच्यानं मानावं लागतं. खोटेपणा मुखवट्यात नाही, तो या लपवण्यात आहे.

मानभावी या शब्दाचं दुखणं याहून वेगळं. मानभाव हे महानुभावचंच झिजलेलं रूप. तेराव्या शतकात गुजरातेतून आलेल्या चक्रधरस्वामींनी महाराष्ट्रात जो पंथ उभा केला, त्याच्या अनुयायांचं हे नाव. म्हणजे जिवंत माणसांच्या एका समूहाचं नाव आपण कपटाचं विशेषण करून टाकलं. दुसऱ्या कुठल्या पंथाच्या नावावर मराठीनं असा शिक्का मारल्याचं मला आठवत नाही.

हा शिक्का कुणावर बसला ते पाहिलं की मन खिन्न होतं. चक्रधरांच्या पश्चात म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी गोळा केल्या आणि ‘लीळाचरित्र’ सिद्ध झालं. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ. ज्यांनी स्वामींना पाहिलं, त्यांचं बोलणं ऐकलं, त्या माणसांना गाठून, विचारून या आठवणी घेतल्या गेल्या. पुढच्या शोधन्यांत, म्हणजे ग्रंथाच्या तपासून सिद्ध केलेल्या पाठांत, एका प्रसंगाचे वेगवेगळे पाठ आले, तर कोणता पाठ कुणाचा हे नावानिशी नोंदवलं गेलं. आपल्या देवाच्या चरित्रात सुद्धा मतभेद झाकायचे नाहीत, याला खरेपणाची किती ओढ लागते! त्याच माणसांचं नाव आपण खोटेपणाला दिलं.

हे झालं कसं? पंथानं स्त्रियांना संन्यास दिला, खालच्या मानलेल्या जातींना जवळ केलं, अनेक देवतांची उपासना नाकारली. धर्मभाषा म्हणून संस्कृताऐवजी मराठीचा आग्रह धरला. रूढ समाजाला एवढं पुरेसं होतं. त्यात पुढे पंथानं आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहायला सुरुवात केली. लपवलेल्या गोष्टीबद्दल वाईटच कल्पना करायची, हा माणसाचा स्वभाव. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. ल. भावे आणि वि. का. राजवाडे यांच्यासारख्या अभ्यासकांमुळे या लिप्या उलगडल्या, तेव्हा आत कपट नव्हतं. आपल्या भाषेचा आद्य गद्यग्रंथ, महदाइसेचे धवळे म्हणजे लग्नगीतं, व्याकरण आणि चरित्रं असा ठेवा होता. पुढे वि. भि. कोलते यांनी संपादित केलेलं ‘लीळाचरित्र’ 1978 मध्ये राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळानं प्रसिद्ध केलं. पुस्तक छापून झालं, शब्द मात्र तसाच राहिला.

माझं म्हणणं इतकंच नाही की तो शब्द त्या लोकांना दुखावतो. सुरुवातीची म्हण पुन्हा वाचा. करणी कसाबाची आणि बोलणी मानभावाची, यात मानभावाचं बोलणं मऊ असतं हे म्हणीनंच मान्य केलेलं आहे. चलनी नाणं असतं तिथेच खोटं नाणं पाडलं जातं. मानभावाच्या बोलण्याला मान होता, म्हणून त्याची नक्कल करणारे निघाले. शिव्या नक्कल करणाऱ्यांना पडायला हव्या होत्या, पडल्या मात्र खऱ्या माणसाला. (कसाबाचंही तेच. पोट भरण्यासाठी धंदा करणाऱ्याला आपण क्रौर्याचं नाव दिलं. त्यावर कधीतरी कुणीतरी सविस्तर लिहायला हवं.) ‘साळसूद’ची चाल अशीच. सरळ, गरीब स्वभावाचा माणूस म्हणून जन्मलेला हा शब्द आता सोज्वळपणाचा आव आणणाऱ्यालाच लावला जातो. नम्र माणूस भेटला की त्यात काहीतरी काळंबेरं असेल, हा संशय आपण भाषेतच मुरवून ठेवला आहे. या संशयाचं मला ढोंगाइतकंच भय वाटतं, कारण त्याच्या माऱ्यात खरा मऊ माणूसही सापडतो.

अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर हे चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांचं गाव, पंथाचं मोठं तीर्थ. आता तिथे मराठी भाषा विद्यापीठ उभं आहे. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. भाषेचं प्राचीनत्व सांगताना महानुभावांचे ग्रंथ आपण अभिमानानं पुढे करतो, त्यांचं नाव मात्र शिवीसारखं वापरत राहतो.

तेव्हा शिक्षकांना आणि शब्दकोश करणाऱ्यांना माझी विनंती आहे. समानार्थी शब्दांच्या यादीतून ‘मानभावी’ काढा. कोशात तो ठेवायचाच असेल, तर शेजारी त्याची व्युत्पत्ती आणि हा इतिहास लिहा. ढोंग्याला ढोंगी म्हणायला मराठीत शब्द भरपूर आहेत.