जो आजार नाही, त्याचा इलाज कसला?



काही प्रश्न मशिदीत सर्वांदेखत विचारले जात नाहीत. नमाज संपून माणसे पांगली की ते दबक्या आवाजात येतात. राहुरी, नेवासे, संगमनेर, आपल्या जिल्ह्यातले कोणतेही गाव घ्या. "इमामसाहेब, मुलाचे मन मुलींकडे वळत नाही. दम करा, तावीज द्या, नाहीतर एखादा डॉक्टर सांगा."

शरीरसंबंध निकाहच्या चौकटीतच वैध आहे आणि समलिंगी संबंध हराम आहे, यावर चारही मजहबांत मतभेद नाही. ते मी सौम्य करून सांगणार नाही. परंतु हा निर्णय कृतीविषयी आहे. मनात उठलेली गोष्ट वाणीत वा कृतीत उतरत नाही तोवर अल्लाह तिची पकड करत नाही, असा आशय बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांतील हदीसमध्ये आहे. मग ज्या ओढीचा जाब अल्लाह मागत नाही, तिच्यासाठी बापाने मुलाला कोंडून का ठेवावे?

यावर उत्तर मिळते की, अल्लाहने प्रत्येक आजाराचे औषध उतरवले आहे. खरे आहे, पण त्यासाठी आधी आजार असावा लागतो. आजाऱ्याने रोजा सोडावा की नाही, हे ठरवताना आपले फुकहा जाणकार हकिमाचा शब्द प्रमाण मानतात. इथेही तोच नियम लावा. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून वगळली. तो आजार नव्हे, असे भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट केले. ही ओढ 'बदलून देण्याचा' उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवले. म्हणजे असा इलाज विकणारा डॉक्टर स्वतःच दोषी ठरतो. आमिलांचे काय सांगावे? (त्यांची फी मात्र आधी ठरते.) जिन उतरवण्याच्या नावाखाली साखळीने बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

मे २०२० मध्ये केरळची एक तरुण विद्यार्थिनी गोव्यात मृतावस्थेत आढळली. आपल्याला डांबून, बळजबरीने औषधे देऊन बदलण्याचा प्रयत्न झाला, असे तिने त्यापूर्वी एका चित्रफितीत सांगितले होते. दुसऱ्याला इजा पोहोचवू नये, हा आपल्या फिकहचा पायाभूत नियम. चांगल्या नियतेने केलेली इजा त्यातून सुटत नाही.

सर्वांत सोपा वाटणारा इलाज म्हणजे लग्न. "एकदा निकाह झाला की सुधारेल." वाचकहो, ज्या घरातून मुलगी आणायची, त्या घराला हे सांगितलेले असते काय? बाजारात ओले धान्य कोरड्याखाली लपवणाऱ्याला प्रेषित (स.) यांनी खडसावले, फसवणारा आपल्यातला नव्हे, असे म्हटले. इथे तर धान्य नाही, कुणाची तरी लेक आहे. ती महिनोन्‌महिने स्वतःत खोट शोधत राहते, सासरचे तिलाच बोल लावतात आणि अखेर तलाक किंवा खुला. मेहर दिला म्हणून या फसवणुकीचा हिशेब मिटत नाही. पोरगा स्वतः नको म्हणत असताना हा निकाह पढवायला मी तरी बसणार नाही.

"मग आम्ही काय करावे?" असे आई-वडील विचारतात. मारहाण थांबवा. त्याचा मोबाइल चाळू नका. सूरह हुजुरातमध्ये पाळत ठेवण्यास मनाई आहे. नातलगांत चर्चा करू नका. हराम-हलाल त्याला माहीत आहे, रोज ऐकवण्याची गरज नाही. त्याची झोप उडाली असेल, मरणाची भाषा येत असेल, तर त्या दुःखासाठी मनोविकारतज्ज्ञाकडे न्या, ओढ बदलण्यासाठी नव्हे. आणि जुम्याला त्याला सोबत घेऊन या.