देवाचे ठाणे आणि धावपट्टी

देवाला विशिष्ट जागा लागते की नाही, हा प्रश्न भारतीय तत्त्वचिंतनात जुना आहे. विमानतळासारख्या प्रकल्पांनी त्याला जमिनीच्या मोजणीचे आणि मोबदल्याचे व्यवहारी रूप दिले, एवढेच. अद्वैत वेदान्ताच्या दृष्टीने ब्रह्म सर्वव्यापी असल्यामुळे ते या टेकडीवर आहे आणि त्या टेकडीवर नाही, असे म्हणण्याला अर्थ उरत नाही, आणि एखादे देऊळ चार मैल सरकवल्याने परमार्थतः काहीच बिघडत नाही. महानुभाव पंथाने मात्र ‘स्थान’ ही स्वतंत्र धार्मिक कोटी मानली: परमेश्वराचे अवतार जेथे बसले, निजले, चालले ती भूमी त्यांच्या संबंधाने पावन झाली, आणि ‘स्थानपोथी’ या ग्रंथात अशा जागा दिशा व खाणाखुणांसह नोंदवून ठेवण्यात आल्या. तरीही महानुभावांचे स्थान एका घटनेमुळे पवित्र झालेले असते. देव तेथे आला, म्हणून भूमी पावन झाली. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातील गोंड आणि माडिया समाजांची धारणा याहून वेगळी आहे. तेथे देव भूमीवर कोठून तरी येत नाही. डोंगर, गाव, कूळ आणि देव हे सारे एकाच नात्यात गुंफलेले असतात, आणि त्यांतील एक काढून बाकीचे जसेच्या तसे राखता येत नाहीत.

गोंडी परंपरेत देवाला ‘पेन’ म्हणतात आणि त्याच्या वास्तव्याच्या जागेला ‘पेनठाणा’. हे ठाणे पुष्कळदा देवळासारखे दिसतही नाही. एखादे झाड, त्याखालचे दगड, फार तर गवताने शाकारलेले छप्पर, इतकेच बाहेरच्याच्या नजरेस पडते. पण कोणते कूळ कोणाशी सोयरीक करू शकते, पेरणीआधी बियाणे कोठे नेऊन पुजायचे, मेलेल्या माणसाला पूर्वजांमध्ये कोठे सामील करून घ्यायचे, हे सर्व त्या ठाण्याशी बांधलेले असते. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरावरचा ठाकूरदेव हा भोवतालच्या सत्तर गावांच्या पारंपरिक इलाक्याचा देव मानला जातो आणि दर जानेवारीत तेथे यात्रा भरते. त्याच डोंगरात उच्च प्रतीचे लोहखनिज आहे आणि ते काढलेही जात आहे. त्यामुळे देव आणि खनिज यांना एकच पत्ता असण्याची अडचण येथे कल्पनेतली राहिलेली नाही.

या अडचणीचे सर्वांत स्वच्छ उदाहरण मात्र जंगलात नसून राजधानी मुंबईच्या खाडीपलीकडे, नवी मुंबईच्या विमानतळावर सापडते. पंतप्रधानांच्या हस्ते फेब्रुवारी 2018 मध्ये भूमिपूजन झालेला आणि ऑक्टोबर 2025 मध्ये उद्घाटन झालेला हा विमानतळ 1160 हेक्टरांवर उभा आहे. त्यासाठी सुमारे 90 मीटर उंचीची उलवे टेकडी सुरुंगांनी फोडण्यात आली, तिच्या दगडाने दलदलीची जमीन भरून वर उचलण्यात आली, उलवे नदीचा प्रवाह वळवण्यात आला आणि आगरी-कोळी वस्तीची दहा गावे-पाडे उठवण्यात आले. टेकडी का फोडावी लागली, याचे उत्तर विमानशास्त्रात आहे. धावपट्टीच्या टोकांपासून आणि बाजूंनी वर चढत जाणारे एक काल्पनिक पृष्ठ आखले जाते आणि उतरणाऱ्या वा उडणाऱ्या विमानाच्या सुरक्षेसाठी त्या पृष्ठाच्या वर डोकावणाऱ्या प्रत्येक वस्तूची ‘अडथळा’ म्हणून नोंद होते, मग ती गगनचुंबी इमारत असो, मनोरा असो की डोंगर. हा नियम विवेकशून्य नाही. त्यावर शेकडो माणसांचे प्राण अवलंबून असतात. पण ज्या नोंदवहीत डोंगराला अडथळा याखेरीज दुसरा रकाना नाही, तिच्यात पेनठाणा लिहायचा कोठे?

मोबदल्याच्या कागदात मात्र देवाला रकाना असतो. घर, विहीर, झाड यांच्याप्रमाणे देऊळही मोजले जाते, त्याचे बांधकाम धरले जाते आणि पुनर्वसनाच्या वसाहतीत त्यासाठी भूखंड राखला जातो. जमीनधारकांना विकसित जमिनीचा 22.5 टक्के हिस्सा देण्याची जी योजना या विमानतळासाठी आखली गेली, तिच्यामागे शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालचा भूसंपादनाविरुद्धचा दीर्घ लढा आणि 1984 च्या जासई आंदोलनात पाच जणांनी दिलेले प्राण आहेत. तिला क्षुल्लक लेखणे अन्यायाचे ठरेल. परंतु या योजनेचा तर्क विनिमयाचा आहे, म्हणजे एका जागेऐवजी तिच्या मोलाची दुसरी जागा देता येते, हे तो गृहीत धरतो. वाघिवली येथे खडकात कोरलेल्या ठिकाणी गावकरी केरूमातेला पुजत होते आणि बौद्ध संघटना ती प्राचीन लेणी असल्याचे सांगत होत्या. तेथे विनिमयाची भाषा अडखळली, कारण खडकात कोरलेली गोष्ट बांधकाम नसते आणि तिचा भूखंडही देता येत नाही.

फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ मार्क ओजे यांनी 1992 मध्ये विमानतळ, महामार्ग आणि मोठमोठी दुकाने यांसाठी ‘अ-स्थळ’ अशी संकल्पना मांडली. अ-स्थळ म्हणजे जेथे माणसाची ओळख नात्यांवरून न ठरता तिकीट आणि ओळखपत्र यांवरून ठरते, अशी जागा. ही मांडणी प्रवाशाच्या बाजूने केलेली आहे. तेथे रात्रपाळी करणाऱ्या सफाई कामगाराला किंवा सामान वाहणाऱ्याला विमानतळ हे चांगलेच स्थळ वाटत असणार. तरी एक गोष्ट खरी की विमानतळाची सारी घडण एका जागेला दुसऱ्या जागेसारखे करण्यासाठी असते. मुंबईच्या सहार विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलमध्ये 2014 पासून ‘जय हे’ नावाचे भव्य कलादालन आहे आणि देशभरातील हजारो कलावस्तू, त्यांत देवदेवतांच्या प्रतिमाही, तेथे मांडलेल्या आहेत. प्रवासी त्यांच्याकडे पाहतो, क्वचित थबकतो आणि विमानाच्या दिशेने निघतो. प्रतिमा तीच असते. फक्त तिला नवस बोलणारा कोणी उरलेला नसतो.

येथवर युक्तिवाद सोपा आहे आणि म्हणूनच संशयास्पदही. आदिवासींचा देव जागेला खिळलेला आणि शहरी माणसाचा देव फिरता, अशी विभागणी पुस्तकात शोभते, जंगलात टिकत नाही. बस्तर आणि त्याला लागून असलेल्या गडचिरोलीच्या भागात आंगादेव असतो: लांब लाकडी ओंडके आडव्या काठ्यांना बांधून केलेला, मोरपिसांनी सजवलेला, तरुणांनी खांद्यावर घेतलेला. तो जत्रेला जातो, दुसऱ्या देवांना भेटतो, आजारी माणसाच्या दारात येतो; खांदेकऱ्यांना तो कोणत्या बाजूला ओढतो, कोठे झुकतो, यावरून त्याचे म्हणणे ओळखले जाते. पंढरपूरच्या विठ्ठलाची मूर्तीही विजयनगरला नेली गेली आणि संत भानुदासांनी परत आणली, अशी परंपरा आहे. देव हलतात, हे दोन्हीकडे मान्य आहे.

मग भेद कोठे आहे? आंगादेव निघतो तेव्हा गायत्याने, म्हणजे गावाच्या पुजाऱ्याने, त्याला आधी विचारलेले असते. देव नाही म्हणू शकतो, आणि त्याचा नकार सगळ्या गावासमोर घडतो. विठ्ठलाच्या कथेतही तो भक्ताच्या ओढीने परततो. म्हणजे स्थानबद्ध धर्माचा आग्रह अचलतेचा नसून संमतीचा आहे, आणि संमती घेण्याची एक ठरलेली, दिसणारी रीत असली पाहिजे, असा आहे. भूसंपादन मालकाला नोटीस देते, त्याची हरकत ऐकते. पण जो मालक नाही आणि ज्याची मालकी कोणी सांगत नाही, अशा देवाला विचारण्याची रीत त्या कायद्यात नाही. येथे चेष्टेने कोणी म्हणेल की सरकारने दगडाला नोटीस बजावावी काय. पण देवळातील मूर्तीला कायद्याने व्यक्ती मानून तिच्या नावे मालमत्ता ठेवण्याची प्रथा भारतीय न्यायालयांत रुळलेली आहे, तेव्हा चेष्टा तितकीशी पक्की नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 18 एप्रिल 2013 रोजी ओडिशातील नियमगिरीच्या प्रकरणात या दिशेने एक पाऊल टाकले. डोंगरिया कोंध आदिवासी ज्या डोंगराला नियमराजाचे स्थान मानतात, तेथील खाणीमुळे त्यांच्या उपासनेच्या हक्कावर गदा येते काय, हे ग्रामसभांनी ठरवावे, असे न्यायालयाने सांगितले, आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी खाण नाकारली. गडचिरोलीला ही भाषा परकी नव्हती. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ अशी घोषणा धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने कितीतरी आधी दिली होती, आणि 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर त्याला सामूहिक वनहक्क मिळाला. तरी ग्रामसभेचा ठराव आणि देवाचा कौल एकच नव्हेत. ठराव बहुमताने बदलता येतो, आणि रोजगाराच्या आशेने तो बदलतोही. कौल बदलायचा तर देवापुढे पुन्हा उभे राहावे लागते. कायदा पहिल्यालाच ओळखतो, आणि तो दुसऱ्याला कसा ओळखेल हे सांगणे कठीण आहे, कारण कौलाची सत्यता साक्षीपुराव्याने तपासता येत नाही.

राजुरा तालुक्यातील मूर्ती या गावी विमानतळ बांधण्याचा प्रस्ताव गेली काही वर्षे चंद्रपूर जिल्ह्यात चर्चेत आहे. त्यातील वनजमीन आणि वाघांचा वावर हे प्रश्न वनखात्याच्या नोंदीत येतात, कारण वाघ मोजता येतो. त्या परिसरातील गावांच्या पेनांना कोणी काय विचारायचे, कोणत्या भाषेत विचारायचे, आणि उत्तर नकाराचे आले तर ते कोणत्या कार्यालयात दाखल करायचे, याची तरतूद प्रस्तावाच्या कोणत्याही टप्प्यावर करावी लागत नाही.