रीडिंग जुळवू नका

विज्ञान शाखेच्या शेवटच्या वर्षाला प्रकल्प असतो. आपल्या बहुतेक कॉलेजांत तो केला जात नाही, ‘सबमिट’ केला जातो. काळं पुठ्ठ्याचं बाइंडिंग, वर सोनेरी अक्षरं, आत विभागप्रमुखांच्या सहीचं प्रमाणपत्र, आईवडिलांपासून लॅब असिस्टंटपर्यंत सगळ्यांचे आभार, आणि त्यानंतर मागच्या बॅचच्या प्रकल्पातून उचललेली प्रस्तावना. मुंबईकडची मुलं त्याला ‘ब्लॅक बुक’ म्हणतात. विषय ठरलेले असतात. कडुनिंबाच्या किंवा तुळशीच्या अर्काने जिवाणू मरतात, गावच्या नदीचं पाणी दूषित आहे, पानांच्या अर्कातून चांदीचे नॅनोकण तयार होतात. कडुनिंबाने इतक्या वर्षांत एकदाही कुणाला निराश केलेलं नाही, यावरूनच शंका यायला हवी होती.

प्रस्तावना उचलली, हा लहान गुन्हा. ती कुणी वाचतही नाही. खरं पाप पुढच्या पानांवर, निरीक्षणांच्या तक्त्यात असतं. न घेतलेली रीडिंग तिथे दोन दशांश स्थळांपर्यंत लिहिलेली असतात.

ही सवय शेवटच्या वर्षी लागत नाही. ती अकरावीपासून, जर्नल पूर्ण करण्याच्या घाईतून लागते. साध्या लंबकाचा प्रयोग घ्या. गुरुत्व त्वरणाचं उत्तर ९.८ यायला हवं, हे मुलाला आधीच ठाऊक असतं. त्याचं येतं ९.३. मग तो काय करतो? ९.८ वरून उलटं गणित मांडतो, आवर्तकाल काढतो, तक्ता भरतो आणि सही मिळवतो. पण त्या ९.३ मध्येच शिकण्यासारखं काही होतं. लंबकाची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची असते. दोरा २० सेंटीमीटरचा, गोळ्याची त्रिज्या १ सेंटीमीटर, आणि ती त्रिज्या धरायची राहिली, तर उत्तर बरोबर ९.३ च्या आसपासच येतं. कुणाचं १०.९ येतं, त्याने पहिल्या झोक्याला ‘शून्य’ म्हणण्याऐवजी ‘एक’ म्हटलेलं असतं, म्हणून त्याचे २० झोके प्रत्यक्षात १९ असतात. चूक शोधायला अर्धा तास पुरतो, आणि त्या अर्ध्या तासात मोजमाप म्हणजे काय हे आयुष्यभरासाठी कळतं. आपण तो अर्धा तास देत नाही. ‘रीडिंग जुळवून आण’ असं म्हणतो, आणि असं म्हणणारे मास्तर वाईट नसतात, हेच जास्त दुःखाचं आहे.

२८ फेब्रुवारीला ज्या चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या फोटोला प्रत्येक कॉलेजात हार घातला जातो, त्यांचा पहिला शोधनिबंध १९०६ साली ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये छापून आला. तेव्हा ते १८ वर्षांचे होते, मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकत होते. तो निबंध कुठल्या भव्य प्रकल्पातून आलेला नव्हता. स्पेक्ट्रोमीटरवर प्रिझमचा कोन मोजण्याचा जो प्रयोग आजही आपली मुलं करतात, तो करताना त्यांना प्रकाशाचे असमान पट्टे दिसले. प्रयोगाला त्या पट्ट्यांची गरज नव्हती. जर्नलमध्ये त्यांच्यासाठी रकाना नव्हता. त्यांनी ते बाजूला सारले नाहीत, एवढंच. आज आपल्या प्रयोगशाळेत एखाद्या मुलीला असे पट्टे दिसले तर तिला आपण काय सांगू, हे प्राध्यापकांनी स्वतःला प्रामाणिकपणे विचारावं. बहुधा ‘कोन लिही आणि पुढच्याला बसू दे’ असंच.

यात दोष विद्यार्थ्याचा सगळ्यांत कमी आहे. तासिका तत्त्वावर राबणारा शिक्षक एकाच वेळी डझनावारी मुलांचा गाइड असतो. त्याचा पगार महिनोन्‌महिने थकलेला असतो. एक्स्टर्नल म्हणून आलेले परीक्षक दुपारच्या गाडीच्या वेळेकडे लक्ष ठेवून पानं उलटतात, निष्कर्ष ‘छान’ आला आहे ना एवढं बघतात. ज्याचा प्रयोग फसला आणि ज्याने तसं लिहिलं, त्याला कमी गुण. ज्याने आकडे रचले, त्याला पैकीच्या पैकी. अशा बाजारात खरं बोलायला मूल कुठून धजावणार?

‘आमच्याकडे यंत्रं नाहीत’ ही सबब मला मान्य नाही. सगळेच विषय यंत्रांशिवाय होत नाहीत, हे खरं. पण काही होतात, आणि तसा एक विषय आपल्या पायाखालीच आहे. महाराष्ट्राचा मोठा भाग बेसाल्टवर उभा आहे. या खडकात पाणी साठतं ते त्याच्या भेगांत आणि कुजलेल्या थरांत, म्हणून एकाच शिवारातली एक विहीर मार्चला तळ गाठते आणि शेजारची मेपर्यंत टिकते. सरकारी भूजल यंत्रणा ठरावीक विहिरींची पातळी वर्षातून मोजक्या वेळा मोजते. तुमच्या गावातल्या प्रत्येक विहिरीची मोजत नाही. दोरी, दगड, टेप आणि वही घेऊन एखादी विद्यार्थिनी वर्षभर दर पंधरवड्याला हे काम करू शकते. पुढच्या बॅचने ते पुढे चालवलं, तर पाच वर्षांत त्या कॉलेजकडे अशी माहिती जमेल जी पुण्यामुंबईच्या कुठल्याही संस्थेकडे नसेल. मात्र त्यासाठी जुने प्रकल्प रद्दीत न घालता त्यांतल्या कच्च्या नोंदी विभागाने सांभाळायला हव्यात.

आता नव्या शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांची ‘संशोधनासह ऑनर्स’ पदवी आली आहे. तिच्यात संशोधन प्रकल्पाला १२ क्रेडिट, आणि प्रवेशाची अट पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण. म्हणजे संशोधनाचं दार उघडणार ते पाठांतराच्या किल्लीने! रीडिंग जुळवण्यात तरबेज झालेलं पोर सहज आत जाईल, आणि ९.३ जसंच्या तसं लिहिणारं बाहेर राहील. क्रेडिट वाढवली म्हणून प्रामाणिकपणा वाढत नाही. उलट, खोटं जास्त किमतीला विकलं जातं.

तेव्हा विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांकडे मागणी साधी आहे. प्रकल्पाचे निम्मे गुण बाइंड केलेल्या प्रतीला न देता कच्च्या वहीला द्या: पेनने लिहिलेली, पानांवर क्रमांक, प्रत्येक नोंदीला तारीख, खोडलेलंही वाचता येईल अशी. ‘अपेक्षित परिणाम आढळला नाही’ हा निष्कर्ष पूर्ण गुणांना पात्र आहे, असं नियमात लिहा. एका शिक्षकाकडे किती मुलं असावीत याची मर्यादा घाला आणि ती पाळा.

पण मंडळाची बैठक होईल तेव्हा होईल. या वर्षी एक्स्टर्नल म्हणून जाणाऱ्या प्राध्यापकांना त्यासाठी थांबायची गरज नाही. समोर काळी प्रत ठेवली जाईल तेव्हा ती बाजूला सारा आणि विद्यार्थ्याकडे आधी कच्ची वही मागा. वही नसेल तर त्याच्या गाइडलाही तिथेच बसवून घ्या.