तंबूतले दोन दिवस



नाताळचा गोठा अजून वेदीजवळ आहे आणि आज आपण पवित्र कुटुंबाचा सण साजरा करीत आहोत. पुढच्या शनिवार-रविवारी आपल्या धर्मग्रामातील काही वडील आपापल्या मुलींना घेऊन रामटेकजवळ खिंडसी तलावाच्या बाजूला तंबूत राहायला जाणार आहेत. आया घरी राहतील. स्वयंपाक वडील करतील. हे ऐकून काहींना हसू आले. काहींनी विचारले, "एवढ्या थंडीत पोरींना उघड्यावर कशाला न्यायचे? आणि यात धर्म कुठे आला?" प्रश्न योग्य आहे. त्यावर आपण थोडे मनन करू.

तंबू ही पवित्र शास्त्राला परकी वस्तू नाही. इस्राएली लोकांनी दरवर्षी सात दिवस मांडवात राहावे, अशी आज्ञा लेवीय पुस्तकाच्या २३ व्या अध्यायात आहे. मिसर देशातून सुटल्यावर आपले पूर्वज कसे राहिले हे मुलाबाळांना कळावे, हा तिचा हेतू. आपल्या जरीपटक्यालाही हे सांगावे लागू नये. १९४७ च्या फाळणीनंतर घरदार सोडून आलेल्या सिंधी कुटुंबांनी ही वस्ती उभी केली. भिंती जातात, माणसे उरतात, हे आपल्या शेजाऱ्यांनी भोगून जाणले आहे. आणि देवाचा शब्द मनुष्य होऊन आपल्यात राहिला हे सांगताना संत योहानाने जे ग्रीक क्रियापद वापरले, त्याचा मूळ अर्थ 'तंबू ठोकणे' असाच आहे. देवाने दुरून आशीर्वाद पाठवला नाही. तो आपल्या शेजारी येऊन राहिला.

आता आपल्या घरांकडे पाहू. मुलगी लहान असते तोवर बापाच्या खांद्यावर असते. ती अकरा-बारा वर्षांची झाली की बाप हळूहळू मागे सरतो. मग तिचे बोलणे आईमार्फत बापापर्यंत पोहोचते आणि बापाचे उत्तर आईमार्फत परत येते. फी भरली, ट्यूशन लावली, वेळेवर घरी ये म्हणून सांगितले, की आपले काम झाले असे त्याला वाटते. संत मार्काच्या शुभवर्तमानात याईराची मुलगी नेमकी बारा वर्षांची आहे. तिचा बाप सभास्थानाचा अधिकारी, मानाचा माणूस. पण तो भर गर्दीत येशूच्या पाया पडतो, तेही मुलीसाठी. प्रभू त्याच्या घरी जातो, रडणाऱ्यांना बाहेर काढतो, आईबापांना मात्र आत नेतो. मुलगी उठल्यावर तिला काही खायला द्या, असेही तो सांगतो.

गाब्रिएल मार्सेल नावाचे फ्रेंच कॅथलिक तत्त्वज्ञ होऊन गेले (१८८९-१९७३). ते समस्या आणि रहस्य यांत भेद करीत. समस्या आपल्यासमोर असते, ती सोडवून बाजूला ठेवता येते. रहस्यात आपण स्वतःच गुंतलेले असतो. त्याच्या बाहेर उभे राहता येत नाही. आपल्याकडे मुलीचा विचार बहुधा समस्या म्हणून होतो: तिचे शिक्षण, तिची सुरक्षितता, तिचे लग्न. ही कर्तव्ये खरीच आहेत. पण मुलगी म्हणजे या तीन कामांची बेरीज नव्हे. तिच्यासाठी सर्व काही करणारा बाप तिच्याजवळ बसलेला असेलच असे नाही.

मुलीला काय द्यायचे, हा प्रश्न मोशेच्या छावणीतही निघाला होता. सलाफहाद रानात मरण पावला. त्याला मुलगा नव्हता. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा या त्याच्या पाच मुली मोशे, याजक आणि सर्व मंडळीसमोर उभ्या राहिल्या व त्यांनी वडिलांचे वतन मागितले. मोशेने परमेश्वराला विचारले, आणि त्यांचे म्हणणे बरोबर आहे असा निर्णय मिळाला (गणना, अध्याय २७). आपल्या राज्यातील ख्रिस्ती लोकांना लागू असलेला १९२५ चा भारतीय वारसा कायदाही मृत्युपत्र नसल्यास मुलामुलींना समान वाटा देतो. तरीही लग्नात खर्च झाला म्हणून बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते, आणि बाप गप्प बसतो. हे गप्प बसणे त्या दिवशी सुरू होत नाही. ती बारा वर्षांची असताना सुरू झालेले असते.

याउलट अनंतशास्त्री डोंगरे पाहा. त्यांनी पत्नीला संस्कृत शिकवले म्हणून त्यांना धर्मसभेपुढे जाब द्यावा लागला. पुढे गंगामूळच्या अरण्यात त्यांनी बिऱ्हाड केले. तेथे १८५८ साली रमाबाईंचा जन्म झाला. आईवडिलांबरोबर तीर्थोतीर्थी पायी फिरता फिरता ती मुलगी शिकली. अखेरच्या दिवसांत वडिलांनी तिला कवेत घेऊन देवाच्या हाती सोपवले, असे तिने स्वतः नोंदवून ठेवले आहे. घर नव्हते, पैसा नव्हता, दुष्काळाने घास हिरावला. पण विद्या आणि वडिलांचा विश्वास तिला मिळाला होता. तीच पुढे पंडिता रमाबाई झाली, ख्रिस्ताकडे वळली, आणि केडगावच्या मुक्ती सदनात असंख्य निराधार मुलींची आई झाली.

म्हणून जाणाऱ्या वडिलांना एवढेच सांगावेसे वाटते: शनिवारी संध्याकाळची मिस्सा करून निघा. घोंगड्या जास्त घ्या, मोबाईल बंद ठेवा. शेकोटीजवळ उपदेश करू नका. मुलगी बोलेल ते ऐका, गप्प राहिली तर तिच्याबरोबर गप्प राहा. आणि ज्या मुलींना वडील नाहीत, किंवा आहेत पण घरी नसतात, त्यांना वगळू नका. त्यांच्या मामाने, काकाने, आजोबांनी पुढे यावे. संत योसेफ देहाने येशूचा पिता नव्हता. तरीही रात्री उठून बाळाला घेऊन मिसरची वाट धरणारा तोच होता.

ज्यांना जाणे जमणार नाही, त्यांनी घरच्या अंगणात तरी आपल्या मुलीजवळ तासभर बसावे. पवित्र कुटुंब आपल्या सर्व घरांचे रक्षण करो. आमेन.