गोळी चुकवणे हे पाप आहे काय?



पालेगावातील एका आजारी बांधवाला कम्युनियन देण्यासाठी फादरांबरोबर आम्ही काही जण गेलो होतो. (त्यांच्या संमतीने लिहीत आहोत, नाव मात्र देत नाही.) हृदयविकाराचा झटका, मग अँजिओप्लास्टी, आणि दोन महिन्यांत दम लागून पुन्हा रुग्णालय. प्रार्थना झाल्यावर त्यांची पत्नी रागानेच म्हणाली, "फादर, ह्यांनी गोळ्या सोडल्या होत्या. तुम्हीच विचारा ह्यांना." ते खाली मान घालून म्हणाले, "फादर, हे कन्फेशनमध्ये सांगायला हवे का?"

वरवर पाहता उत्तर सोपे आहे. जीवन आणि आरोग्य ही देवाची देणगी, तिची वाजवी काळजी घेणे हे आपले कर्तव्य, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. पाचव्या आज्ञेत आपला स्वतःचा जीवही येतो. बेन सिराच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय काढून वाचावा. वैद्याचा मान राखा आणि प्रभूने मातीतून उपजवलेली औषधे तुच्छ मानू नका, असा तिथला बोध आहे. म्हणून नोव्हेना सुरू केली की गोळ्या बंद करणाऱ्यांची श्रद्धा मोठी असे आम्ही मानत नाही. उपवासकाळात उपाशीपोटी गोळी नको म्हणून ती टाळणाऱ्यांनीही लक्षात घ्यावे, की आजाऱ्यांना उपवासाचे बंधन नाही.

पण ह्या बांधवाने गोळ्या का सोडल्या? त्यांना लघवी होण्याची गोळी होती. तपासणीला अंबरनाथहून लोकलने परळला जायचे, गाडीत शौचालय नाही, म्हणून त्या दिवशी ती घेतली नाही. मग रविवारी मिस्सा म्हणून नाही. पुढे बरे वाटू लागले, मग रोजच नाही. शरीरात पाणी साठत गेले, फुप्फुसांत उतरले आणि दम लागला. रक्त पातळ करणारी गोळी ते पगार होईपर्यंत पुरावी म्हणून एक दिवसाआड घेत होते. स्टेंट ही धातूची जाळी असते. तिच्यावर आतले अस्तर चढेपर्यंत तिथे रक्ताची गुठळी होऊन रक्तवाहिनी एकाएकी बंद पडू शकते, म्हणून ह्या गोळीत खंड नको. हे त्यांना कोणी समजेल असे सांगितले नव्हते. घरी आलेला कागद इंग्रजीत होता.

गंभीर पापाला पूर्ण जाण आणि मोकळी संमती लागते. इथे जाण किती होती आणि खिसा किती मोकळा होता?

२०११ साली एका मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. भारत ज्यांत होता त्या गरीब देशांत, हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या दर दहांपैकी सुमारे आठ जण शिफारस केलेल्या चार प्रकारच्या औषधांपैकी एकही घेत नव्हते. दहांतले आठ जण बेफिकीर असतील, हे आम्हाला पटत नाही.

दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यात आपण तेल, द्राक्षारस आणि पट्ट्या लक्षात ठेवतो. दुसऱ्या दिवशी त्याने उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार दिले, आणखी खर्च झाल्यास परतल्यावर देईन म्हणाला, हे विसरतो. रुग्णालय पट्टी बांधते. उतारशाळेचे दिवस घरात, इमारतीत, धर्मग्रामात जातात. बंगळुरूच्या सेंट जॉन्स ह्या आपल्या बिशप परिषदेच्या संस्थेने १४ रुग्णालयांतील ८०६ हृदयरुग्णांवर केलेला प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. डॉक्टर किंवा नर्स नसलेले, पण प्रशिक्षण दिलेले कार्यकर्ते अर्ध्या रुग्णांना वर्षभर भेटत राहिले. वर्षाअखेर त्यांच्यातले ९७ टक्के औषधे नीट घेत होते, इतरांतले ९२ टक्के. फरक थोडा वाटेल, पण त्या पाचांपैकी एक आपल्या घरातला असू शकतो.

तरीही सगळा दोष परिस्थितीवर टाकता येत नाही. पत्नी रोज विचारायची, आणि ते "घेतली" म्हणायचे. ते खोटे त्यांचेच होते, आणि ते त्यांनी मान्य केले.

फादर म्हणाले, "आधी डॉक्टरांना सांगा, मग मला." त्यांनी सांगितले. प्रवासाच्या दिवशी ती गोळी घरी परतल्यावर घेतली तरी चालेल, असे डॉक्टर म्हणाले. एवढेच विचारायचे राहून गेले होते.