काटा एकच पुरे

नंदुरबारच्या बाजारात हिवाळ्यात ओली लाल मिरची येते आणि पथाऱ्यांवर वाळत पडते. अवकाळी बरसला की पसरलेला माल खराब होतो. अशाच एका पथारीवर मजुरी करणाऱ्या बाईंची मुलगी डिप्लोमाला होती. हवेतला दमटपणा वाढताच भोंगा वाजवणारं यंत्र करायचं तिने मनावर घेतलं. आर्डुइनो उनो बोर्ड, डीएचटी २२ सेन्सर आणि नोंदींसाठी मेमरी कार्ड असं सामान तिने जमवलं.

यंत्र चाललं, पण तिला ते आणखी वेगवान हवं होतं. फंक्शनला बोलावण्यात वेळ जातो. त्याऐवजी त्यातला मजकूरच जागेवर उतरवला, म्हणजे इनलाइन केला, तर तो वेळ वाचतो, हे तिला ठाऊक होतं. आर्डुइनोची मूळ सेटिंग ‘-ओएस’, जागा वाचवणारी. तिने वेगाची ‘-ओ३’ लावली. वर सेन्सर वाचणाऱ्या लांबलचक फंक्शनला ‘ऑलवेज इनलाइन’ असं बजावलं. कंपायलरने हुकूम पाळला. ते फंक्शन जिथे जिथे बोलावलं होतं, तिथे तिथे त्याची नक्कल उतरली. बोर्डावर प्रोग्रामला जागा ३२,२५६ बाइट. प्रोग्राम त्यात मावेना.

सरांनी विचारलं, “अगं, सेन्सर किती वेळाने वाचतेस?”

“दोन सेकंदांनी, सर. त्याआधी तो नवं माप देत नाही.”

“आणि फंक्शनला जाऊन परत यायला किती वेळ लागतो?”

तिने हिशेब मांडला. जाण्यायेण्याचे ठोके आठ, आणि चिपचे ठोके सेकंदाला १ कोटी ६० लाख. “अर्धा मायक्रोसेकंद,” ती म्हणाली आणि गप्प झाली.

घरी तिने आईला अडचण सांगितली. आई म्हणाली, “पोरी, आमच्याकडे मिरचीचे ढीग कितीही असले तरी वजनकाटा एकच. ढिगागणिक काटा मांडला तर मिरची कुठं पसरायची?”

दुसऱ्या दिवशी तिने ‘-ओएस’ परत लावली आणि त्या मोठ्या फंक्शनवर ‘नो इनलाइन’ लिहिलं. बाकीच्यांचा निर्णय कंपायलरवर सोडला. एकदाच बोलावलेली फंक्शनं त्याने आपणहून जागेवर बसवली. त्यांची दुसरी नक्कल लागतच नव्हती. प्रोग्राम मावला. पुढे आभाळ भरून आलं तेव्हा भोंगा वाजला आणि ताडपत्री वेळेत पडली.

तात्पर्य: वेळ कुठे जातो ते आधी मोजावं, मग वेगासाठी जागा खर्चावी. जिथे थांबणं भागच आहे, तिथे वाचवलेला क्षण कामी येत नाही; गेलेली जागा मात्र नडते.